शिबिर झाले, सापडलेल्या गाठीचे पुढे काय?

एप्रिल महिना आला की आपल्या बहुतेक वस्त्यांमध्ये जयंतीनिमित्त आरोग्य शिबिर होते. विहाराच्या सभागृहात किंवा समाजमंदिरात टेबले मांडली जातात, रक्तदाब आणि साखर तपासली जाते, चष्म्याचा नंबर काढून दिला जातो. अलीकडे काही ठिकाणी त्यात स्तनांच्या तपासणीची भर पडली आहे. महिला मंडळांनी आग्रह धरला म्हणून हे झाले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ज्या आजाराचे नाव घ्यायला आपल्या आया-आज्या लाजत होत्या, तो विषय आज विहारात उघडपणे बोलला जातो.

पण शिबिर आटोपून मंडप उतरल्यावर एक प्रश्न मागे राहतो. ज्या ताईंच्या स्तनात गाठ हाताला लागली आणि ज्यांना ‘मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या’ अशी चिठ्ठी मिळाली, त्यांचे पुढे काय झाले? त्या गेल्या का? गेल्या असतील तर तपासणी पुरी झाली का? बहुतेक मंडळांकडे याचे उत्तर नसते, कारण तशी नोंद कोणी ठेवलेलीच नसते. किती जणींना तपासले हा आकडा अहवालात छापला जातो. किती जणींचे उपचार सुरू झाले हा आकडा कुठेच येत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. गाठ सापडणे आणि उपचार पूर्ण होणे यांच्यामध्ये मोठे अंतर आहे, आणि आपल्या घरांतल्या बायका त्या अंतरात अडकतात. तिथे सोबत नसेल तर शिबिरातली चिठ्ठी पर्समध्येच राहते. म्हणून नंतर मागोवा न घेणारी शिबिरे मंडळांनी बंद करावीत, आणि तोच पैसा व तीच माणसे मागोवा घेण्याच्या कामाला लावावीत. हे काहींना कडू वाटेल. तरी असे का म्हणतो ते मांडतो.

आजार सगळीकडचा, मरण गरिबाच्या घरी जास्त

स्तनाचा कर्करोग हा जगभरातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. २०२२ साली जगात सुमारे ६ लाख ७० हजार बायका त्याने दगावल्या. त्याच वर्षी भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली एक तुलना आपण लक्षात ठेवावी अशी आहे. अतिविकसित देशांत १२ बायकांपैकी एकीला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो आणि ७१ पैकी एक त्याने मरते. विकासात सर्वांत मागे असलेल्या देशांत २७ पैकी एकीलाच तो होतो, पण ४८ पैकी एक मरते. म्हणजे आजार कमी जणींना आणि मरण जास्त जणींना. निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या बायकांचे प्रमाण श्रीमंत देशांत शंभरात नव्वदहून अधिक आहे, भारतात ६६ आणि दक्षिण आफ्रिकेत ४० आहे. गरीब देशांतल्या बायका फार पुढच्या टप्प्यावर दवाखान्यात पोचतात आणि पोचल्यावरही उपचार पुरे होत नाहीत, हे याचे मुख्य कारण.

उपचार का पुरे होत नाहीत? कधीकधी साधनच नसते. आफ्रिकेतल्या युगांडा या देशात २०१६ साली राजधानीतल्या मुलागो रुग्णालयाचे रेडिएशनचे यंत्र मोडले. संपूर्ण देशात ते एकच होते. नवे यंत्र सुरू व्हायला दीड वर्षाहून जास्त काळ गेला. तोवर ज्यांना शेजारच्या देशात जाणे परवडले त्या गेल्या, बाकीच्या थांबून राहिल्या.

आपल्याकडे यंत्रे आहेत. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. नागपूर, औरंगाबाद, पुणे इथेही कर्करोगावर उपचार होतात. पण यंत्र असणे वेगळे आणि आपल्या वस्तीतल्या बाईने त्या यंत्रापर्यंत वेळेत पोचणे वेगळे. ती कुठे कुठे अडते ते आता पाहू.

दिवस कुठे जातात?

‘तुमच्या बायका फार उशिरा येतात,’ असे डॉक्टर म्हणतात. आपणही मान डोलावतो आणि अज्ञानाला, लाजेला दोष देऊन मोकळे होतो. लाज आहे, अज्ञानही आहे. पण दिवस मोजायला बसले तर हिशेब वेगळा निघतो.

पहिले दिवस घरात जातात. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. धुणी-भांडी करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बाईला न दुखणाऱ्या गोष्टीसाठी एक खाडा करणे परवडत नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात, दोन-तीन खाडे झाले की काम दुसरीला जाते. मुलाची परीक्षा होऊ दे, लेकीचे लग्न होऊ दे, सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊ दे, मग माझे बघू, असे ती स्वतःलाच सांगते. घरातले कोणी विचारत नाही, कारण तिने कोणाला सांगितलेलेच नसते.

दुसरे दिवस गल्लीतल्या दवाखान्यात जातात. तिथे पुष्कळदा तपासणी कपड्यावरूनच होते किंवा होतच नाही. ‘दुधाची गाठ आहे’, ‘पाळीमुळे आहे’, ‘गोळ्या घ्या, विरघळेल’ असे सांगितले जाते. पंधरा दिवसांच्या गोळ्या संपतात, पुन्हा पंधरा दिवसांच्या मिळतात. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे खरे आहे. पण कोणती आहे आणि कोणती नाही हे हाताने किंवा अंदाजाने ठरत नाही, तुकडा तपासूनच ठरते.

याहून वाईट प्रकार आम्ही पाहिला आहे. एका छोट्या नर्सिंग होममध्ये एका मावशींची गाठ काढली, टाके घातले, पैसे घेतले आणि काढलेली गाठ तपासायला पाठवलीच नाही. आठ महिन्यांनी काखेत गाठी आल्या, तेव्हा मागचा एकही कागद हातात नव्हता. म्हणून प्रत्येक घराने हे लिहून ठेवावे: गाठ कोणीही, कुठेही काढो, ती प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे आणि तिचा अहवाल आपल्याला मिळालाच पाहिजे.

तिसरे दिवस तपासण्यांत जातात. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायोप्सी, मग त्या तुकड्यावरची पुढची चाचणी, ज्यावरून कोणते औषध लागू पडेल ते कळते. प्रत्येकीची रांग वेगळी, तारीख वेगळी, खिडकी वेगळी. प्रत्येक तारखेला बाईचा खाडा आणि सोबत येणाऱ्याचाही खाडा. त्यात कोणीतरी शेजारीण सांगते की सुई मारली की कर्करोग पसरतो. बायोप्सीने कर्करोग पसरत नाही. ती टाळल्यामुळे मात्र आजार वाढत राहतो.

चौथे दिवस कागदांत जातात. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांचा खर्च मिळतो. आता शिधापत्रिका असलेल्या सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ही मोठी गोष्ट आहे, तिचा फायदा घेतलाच पाहिजे. पण रेशनकार्डावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. कार्ड गावाकडे नांदेडला किंवा जालन्याला, बाई मुंबईत. कार्डात सुनेचे नाव चढवायचे राहून गेलेले, अशा कितीतरी घरांत योजना असून अडते. शिवाय निदान पक्के होईपर्यंतच्या तपासण्यांचा खर्च पुष्कळदा घराच्याच अंगावर पडतो. कर्ज तिथूनच सुरू होते.

पाचवे दिवस उपचारांत जातात. केमो बहुधा तीन आठवड्यांच्या अंतराने, काही महिने. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे. गावाहून आलेल्या कुटुंबाने एवढे दिवस शहरात राहायचे कुठे? परळच्या फुटपाथवर झोपणारे रुग्ण आणि नातेवाईक आपण सर्वांनी पाहिले आहेत. केस गळतात, उलट्या होतात, स्वयंपाकाचा वास सहन होत नाही. दोन डोस झाले की गाठ लहान झालेली दिसते आणि घरचे म्हणतात, आता बरी आहे, पुरे झाले. उपचार अर्धवट सुटतात ते इथे. पुढे ज्या बायकांना हार्मोनची गोळी लागू पडते त्यांनी ती पाच ते दहा वर्षे रोज घ्यायची असते. टॅमॉक्सिफेन ही त्यातली जुनी, स्वस्त गोळी. पण बरे वाटणाऱ्या बाईची रोजची गोळी घरखर्चात सर्वांत आधी कापली जाते.

हे सगळे दिवस एकत्र केले तर सहज वर्ष होते. त्यात लाजेचे दिवस किती आणि खाड्याचे, रांगेचे, चुकीच्या गोळ्यांचे, कागदांचे दिवस किती, हे प्रत्येक वस्तीने आपल्यापुरते मोजून पाहावे. मग उशीर कोणी केला हे आपोआप दिसेल.

ज्ञान आपल्याच वस्त्यांतून मिळाले आहे

कोणी म्हणेल, गरीब देशात हे असेच चालणार, मॅमोग्राफीची यंत्रे गल्लोगल्ली कुठून आणायची? त्याला उत्तर मुंबईच्याच वस्त्यांनी दिले आहे.

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. यंत्र नाही, डॉक्टरही नाही. उरलेल्या वस्त्यांमध्ये कर्करोगाची माहिती दिली आणि नोंद ठेवली. वीस वर्षांच्या नोंदींचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये आजार पुढच्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण शंभरात ३७ होते, बाकीच्या वस्त्यांमध्ये ४७. आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. पण म्हणून तरुण बाईने गाठीकडे दुर्लक्ष करावे असा त्याचा अर्थ नाही. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात होतो, आणि गाठ लागली तर वय न बघता दाखवलेच पाहिजे.

या अभ्यासात मागोवा हे मुख्य काम होते हे विसरता कामा नये. एकदा तपासून कार्यकर्त्या निघून गेल्या नाहीत. त्या वर्षानुवर्षे त्याच घरांत जात राहिल्या.

मग आमचा प्रश्न असा, की ज्या वस्त्यांतल्या बायकांनी वीस वर्षे आपली दारे उघडून हे ज्ञान दिले, त्या वस्त्यांना ही सेवा आज नियमाने मिळते का? केंद्र सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी व्हावी असे ठरलेले आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी एकीचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती. आकडा होता ०.९ टक्का.

पैसा नाही म्हणून होत नाही, हेही पुरते खरे नाही. रवांडा हा आपल्यापेक्षा गरीब देश. १९९४ च्या नरसंहारानंतर उभा राहिलेला. त्यांनी २०१२ मध्ये बुटारो या ग्रामीण भागात कर्करोग केंद्र उघडले, आणि त्याच जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांच्या परिचारिकांना स्तनाची गाठ ओळखून रुग्ण पुढे कसा पाठवायचा याचे शिक्षण दिले. अडचणी त्यांनाही होत्या. रेडिएशनसाठी रुग्ण बराच काळ परदेशी पाठवावे लागत. पण गाठ जिथे सापडते ती जागा आणि उपचार जिथे होतात ती जागा एकमेकांना जोडायची, हे त्यांनी ठरवले.

ही मेहेरबानी नाही

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याच्या खर्चाचा भार सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. बाईचे शरीर आणि तिची बुडालेली मजुरी हा तिच्या एकटीच्या घराचा प्रश्न नाही, हे त्यात आले. आज आपण नगरसेवकाकडे गटार आणि रस्ता मागतो, तसेच हेही मागितले पाहिजे.

काय मागायचे? वस्तीतल्या आरोग्य केंद्रात किंवा आपला दवाखान्यात ठरलेल्या वारी, बाई कर्मचाऱ्याकडून, पडद्याआड स्तनांची तपासणी. गाठ सापडली तर तारखेसह पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी. आणि निदानाला मुदत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून तीन उद्दिष्टे सांगितली आहेत: १०० पैकी किमान ६० रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर सापडावेत, दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान व्हावे, आणि १०० पैकी किमान ८० जणींचे उपचार पूर्ण व्हावेत. साठ, साठ, ऐंशी. हे आकडे प्रत्येक महिला मंडळाला पाठ असावेत.

मंडळांनी काय करावे?

मंडळ म्हणजे दवाखाना नव्हे, हे आम्हालाही कळते. आम्ही उपचार करायला सांगत नाही. एक वही ठेवायला सांगतो.

जिला गाठ सापडली तिचे नाव, तारीख, कुठे पाठवले, पुढची तारीख, एवढे त्या वहीत असावे. वही दोनच विश्वासू ताईंकडे राहावी. नाव व्हॉट्सॲपच्या गटावर जाता कामा नये, विहारात जाहीर होता कामा नये. एकदा बोभाटा झाला की पुढची बाई गाठ लपवेल. दर पंधरा दिवसांनी त्या ताईंनी तिच्या घरी जावे. बायोप्सीच्या आणि पहिल्या केमोच्या दिवशी सोबत जावे. रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर कागद दाखवावेत. योजनेत अडचण आली तर १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. आशाताईंना सुरुवातीपासून सोबत घ्यावे.

कागदांची दुरुस्ती आजारपणात करायची नसते. वस्तीतल्या सर्व घरांची रेशनकार्डे आणि आधारकार्डे आत्ताच तपासून घ्या. नावे जुळतात का, सुनेचे नाव चढले आहे का, ते बघा. वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी दोन रविवार दिले तर हे काम होते.

वर्गणीतला थोडा भाग रिक्षाभाड्यासाठी आणि बुडालेल्या रोजासाठी वेगळा काढा. डीजेच्या एका रात्रीत किती जणींचे सहा महिन्यांचे येणे-जाणे निघेल, याचा हिशेब कार्यकर्त्यांनी स्वतःच करावा. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपरचे तिकीट पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एकाला तीन चतुर्थांश सवलत असते. रुग्णालयाचा दाखला मात्र लागतो. एसटीत सर्व बायकांना अर्धे तिकीट आहे. गावाहून येणाऱ्या नातलगांना हे सांगा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही सांगा, तिथे रुग्णांची राहण्याची सोय होते.

आणि पुरुषांनी काय करावे? केमोच्या दिवसांत चूल सांभाळावी, मुलांचे डबे करावेत, पाणी भरावे. स्तन काढावा लागला म्हणून बाईला कमी लेखणाऱ्याला घरातच गप्प करावे. आणि दर महिन्याला तिची गोळी संपली का, हे विचारावे.

शेवटी घराघरांत लक्षात ठेवायची लक्षणे: स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, एका स्तनाचा आकार बदलणे, कातडीला खळगा पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त किंवा रक्तासारखे पाणी येणे, बोंडावरची न भरणारी जखम. यातले काहीही दिसले तर वाट पाहायची नाही.

पुढच्या जयंतीच्या अहवालात मंडळांनी दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत: गाठ किती जणींना सापडली, आणि त्यापैकी किती जणींची तपासणी व उपचार पूर्ण झाले. दुसरा आकडा छापता येत नसेल, तर पहिलाही छापू नये.